रेनेला विसरल्याची गोष्ट

"या वेळी मी हसणार नाही," रेने म्हणाली.

ड्वाइटने गाडी चालवता चालवता मान हलवली. तिच्या नवऱ्याच्या त्या मान हलवण्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असायचा. 'पटलं' असा नव्हे.

"खरंच सांगते. ती गोष्ट सुरू झाली की मी तोंड मिटून बसणार. नाहीतर सरळ उठून बाहेर जाणार."

"ग्रेचेनच्या पोरीचं उद्या लग्न आहे. आज कशाला सांगत बसेल ती?"

"चार माणसं जमली की सांगते ती. कॉनीच्या आईच्या मयताला सांगितली होती, आठवतं ना? शवपेटीशेजारी उभी राहून."

"तिथं सगळे रडत होते गं. जरा बरं वाटलं लोकांना."

"तुलाही बरं वाटलं होतं. तूच सगळ्यांत मोठ्यानं हसत होतास."

बाहेर विस्कॉन्सिनची जूनमधली शेतं मागे पळत होती. मका नुकता गुडघ्याएवढा झाला होता. रेनेने समोरचा आरसा खाली ओढला, ओठांवरचा रंग पुसला आणि पुन्हा लावला.

गोष्ट तशी सगळ्यांना पाठ होती. कॉलेजात असताना रेने, ग्रेचेन आणि कॉनी या तिघी दर मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागली की गाडी घेऊन दक्षिणेला समुद्रावर जायच्या. विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा तळी गोठलेली असायची आणि तिकडे समुद्राच्या किनाऱ्यावर पोरंपोरी उघड्या अंगाने उन्हात लोळत पडलेली असायची. एका वर्षी वाटेत पेट्रोल भरायला थांबल्यावर बाकीच्या दोघी रेनेला तिथंच विसरून निघून गेल्या. तेही रेनेच्याच गाडीतून. गोष्ट एवढीच. पण ग्रेचेनच्या तोंडून ती इतकी रंगायची की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लग्न, बारसं, पन्नाशीची पार्टी, काहीही असो, नव्या माणसाशी रेनेची ओळख करून द्यायची झाली की ग्रेचेन तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणायची, "हीच ती! जिला आम्ही विसरलो होतो ती!" समोरचा माणूस तोंडभर हसायचा. रेनेही हसायची. तीस-पस्तीस वर्षं ती हसत आली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशीचं जेवण गावातल्या एका हॉटेलच्या अंगणात होतं. दोन्ही घरची माणसं, जवळचे मित्र, लांबलचक टेबलं. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी दोन शब्द बोलून ग्लास उंचावला. मग ग्रेचेन उठली. साठीकडे झुकलेली, उंच, चांदीसारखे केस कापून कानावर आणलेले. तिच्या हातात माइक नुसता शोभत नव्हता, तिथंच उगवल्यासारखा दिसत होता. ती लेकीबद्दल बोलली, जावयाबद्दल बोलली, आणि मग तिची नजर फिरत फिरत रेनेवर येऊन थांबली.

"आली," रेने ओठ न हलवता म्हणाली. ड्वाइटने टेबलाखाली तिचा हात धरला.

"मैत्री म्हणजे काय, हे या पोरांना कळायला हवं," ग्रेचेन म्हणाली. "तर ऐका. साल नव्वद. आम्ही तिघी, आणि रेनेच्या बाबांची ती स्टेशन वॅगन. गाडी कसली, दुधाचा वास मारणारा रणगाडा! रात्रभर गाडी हाकून पहाटे मिसिसिपीत पोचलो. पेट्रोल भरलं. रेने म्हणाली, मी थकले, आता तू चालव. बरं म्हटलं. मागच्या सीटवर पांघरुणांचा हा एवढा ढीग. मला वाटलं, बाईसाहेब आत शिरून झोपल्या. निघालो!"

लोक आधीच हसायला लागले होते. नवऱ्यामुलाची करवली तोंडावर रुमाल धरून बसली होती.

"शंभर मैल! शंभर मैल मी त्या पांघरुणांशी गप्पा मारल्या. 'रेने, खाणार का गं काही?' गप्प. 'रेने, रेडिओ मोठा करू?' गप्प. मी कॉनीला म्हटलं, रागावली वाटतं. रागावते ना ती! शेवटी कॉनीनं मागे वळून पांघरूण ओढलं, तर खाली उश्या! आणि रेनेचे बूट!"

सगळं अंगण खदखदून हसलं. रेने उठून उभी राहिली. बाहेर जायचं की बोलायचं हे तिचं तिलाच कळेना. सगळे तिच्याकडे वळले, तेव्हा ती म्हणाली, "हो, मी अनवाणी होते. आणि माझे बाबा..."

"बाबांचा स्वेटर!" ग्रेचेन ओरडली. "हो, हो, तो विसरलेच मी! बाबांचा गुडघ्यापर्यंतचा स्वेटर, पायात काही नाही, हातात संडासाची किल्ली, आणि ती कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून तिला बांधलेला लाकडाचा हा एवढा ओंडका! आम्ही परत आलो तर ही रस्त्याच्या कडेला तो ओंडका घेऊन उभी. एखाद्या भुतासारखी!"

हास्याची लाटच उठली. पलीकडच्या टेबलावरचा एक म्हातारा खोकायला लागला, कुणीतरी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. आणि रेनेला जाणवलं की आपण हसतोय. तोंड आपोआप फाकलं होतं, गाल वर गेले होते. ती खाली बसली.

"तू हसलीस," परत येताना गाडीत ड्वाइट म्हणाला.

"मला माहिती आहे. गप्प बस."

*

त्या दिवशी खरं काय झालं ते ग्रेचेनच्या गोष्टीत कधी यायचं नाही.

त्या दोघी निघून गेल्या तेव्हा नुकतं उजाडत होतं. रेने इमारतीमागच्या संडासातून बाहेर आली, तर पंपापाशी गाडी नाही. आधी तिला वाटलं, चेष्टा करतायत. पुढे नेऊन उभी केली असेल. ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली. डांबर थंडगार होतं. पाकीट गाडीत, बूट गाडीत, चष्माही गाडीत. बराच वेळ ती तिथं उभी राहिली आणि मग दुकानात गेली. दुकानदार जाड भुवयांचा माणूस होता. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काही घ्यायचंय का?"

"माझ्या मैत्रिणी मला विसरून गेल्या."

"असं होय? बाहेर उभी राहा. इथं नुसतं थांबायचं नाही."

बाहेर भिंतीला एक फोन होता. नाण्याशिवायही लावता यायचा, पैसे पलीकडच्याने भरायचे. रेनेने घरी लावला. सकाळची धार काढून बाबा नुकतेच घरात येऊन न्याहारीला बसले असणार. त्यांनीच उचलला.

ऑर्व्हिल, म्हणजे तिचे बाबा, फोनवर कधी बोलायचे नाहीत. फोन आला की बायकोच्या हातात द्यायचे. त्या दिवशी त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जागेचं नाव काय? रस्ता कुठला?" तिने सांगितलं. "तिथंच थांब. हलू नकोस. मी निघालो."

"बाबा, अहो, त्या येतील परत! इतक्या लांब तुम्ही कशाला..."

पण फोन ठेवला गेला होता.

ऑर्व्हिलच्या गोठ्यात पन्नासेक गाई होत्या. धार दिवसातून दोनदा काढायची, मग ख्रिसमस असो की ताप. सख्ख्या भावाच्या मयतालासुद्धा ते सकाळची धार काढून गेले होते आणि संध्याकाळच्या धारेला परत आले होते. विस्कॉन्सिनच्या बाहेर त्यांनी फारसं काही पाहिलेलं नव्हतं. त्या सकाळी त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, गाई त्याच्या ताब्यात दिल्या आणि पिकअप काढली.

दोघी परत आल्या तेव्हा दुपार व्हायला आली होती. ग्रेचेन गाडीतून उतरली ती हसतच. "अगं बाई! अगं, तुझा अवतार बघ!" तिने रेनेला मिठी मारली आणि पुन्हा हसली. कॉनीही हसत होती, पण तिचे डोळे रडून लाल झालेले होते. रेनेला भूक लागली होती, पाय गारठले होते, आणि तरी तीसुद्धा हसली, कारण सुटल्यासारखं वाटलं होतं. मग तिने पुन्हा घरी फोन केला.

"ते केव्हाच निघाले," आई म्हणाली. "मी थांबवायला गेले तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता वाटेत गाठायचं कसं त्यांना?"

मोबाइल नावाची गोष्ट नव्हती. रेने गाडीपाशी आली आणि म्हणाली, "आपल्याला इथं थांबायला हवं. बाबा येतायत."

"येतायत म्हणजे? इथं?" ग्रेचेन म्हणाली. "विस्कॉन्सिनहून? अगं, त्यांना यायला रात्र होईल!"

"होऊ दे."

"आणि आपण तोवर काय करायचं? चिप्स खात बसायचं? आधीच अर्धा दिवस गेला. तिकडे खोली घेऊन ठेवलीय. रात्री नाही पोचलो तर ती दुसऱ्याला देतील."

"तो अर्धा दिवस माझ्यामुळे गेला का?"

"तसं नाही म्हणत मी. पण डोकं लाव ना जरा. दुकानदाराला निरोप देऊ. ते आले की तो सांगेल, पोरगी सुखरूप आहे, पुढे गेली. ते परत जातील. त्यांना तरी इथं आपल्यासोबत काय करायचंय? कॉनी, तू काय म्हणतेस?"

कॉनीने आकाशाकडे पाहिलं. "ऊन छान पडलंय," ती म्हणाली. "निघावं बहुतेक."

रेनेला तिचं ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. आणि हेही आठवत होतं की गाडी आपली होती, किल्ली आपण मागायला हवी होती, आणि आपण मागितली नाही. दुकानदाराला निरोप दिला. जाड भुवयांच्या त्या माणसाने "बरं बरं" म्हटलं. तिघी निघाल्या आणि अंधार पडता पडता समुद्रावर पोचल्या.

संध्याकाळी दुकानावर दुसरा माणूस आला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ऑर्व्हिल पोचले, तर असली कुठली मुलगी आपण पाहिलीच नाही असं तो म्हणाला. ऑर्व्हिलनी संडास उघडून पाहिले. इमारतीमागे कचऱ्याच्या पेट्यांच्या आड पाहिलं. मग पिकअपमधून टॉर्च काढला आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यात, झुडपांत, बरंच लांबपर्यंत ते शोधत गेले. शेवटी त्याच भिंतीवरच्या फोनवरून त्यांनी घरी फोन केला. तोवर रेनेचा समुद्रावरून आईला फोन येऊन गेला होता. "ती पोचली. बरी आहे," आई म्हणाली. ऑर्व्हिलनी विचारलं, "पायात काही घातलंय का तिनं आता?" आई म्हणाली, "हो." मग ते गाडीत बसले आणि आल्या वाटेनं परत निघाले. शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशीची धार जमणार नव्हती.

हे सगळं रेनेला आईनं सांगितलं, आणि तेही फार उशिरा. बाबांनी कधीच काही सांगितलं नाही. ते वारले तोवर त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

*

लग्न एका जुन्या गोठ्यात होतं. हल्ली ते खूळ निघालं होतं. गाई विकून टाकायच्या, फरशी घासायची, तुळयांना दिव्यांच्या माळा बांधायच्या आणि लग्नाला भाड्याने द्यायचा. सकाळी रेने आणि ग्रेचेन तिथं टेबलांवर फुलं मांडत होत्या. कॉनी केक आणायला गेली होती.

"किती छान वाटतं ना इथं?" ग्रेचेन म्हणाली. "काय म्हणतात ते, आत्मा आहे या जागेला."

"गाई इथं बांधायचे," रेने म्हणाली. "तू उभी आहेस तिथून शेणाची नाली जायची."

ग्रेचेन हसली. "ए, रागावलीस का काल? तुझा चेहरा जरा..."

"हो."

"आं?"

"हो, रागावले. ती गोष्ट मला नको झालीय ग्रेचेन. मी तुला किती वेळा थांबवायला बघितलं. दर वेळी तू तिथंच संपवतेस. आम्ही आलो, ही ओंडका घेऊन उभी, खी खी खी. तिथं ती संपत नाही."

"मग कुठं संपते?"

एकदाचं तिने विचारलं. रेनेने हातातली फुलं खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. शेजारी, गाई, टॉर्च, खड्डा, फोन. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला. ग्रेचेन मध्ये एक शब्दही बोलली नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. शेवटी ती टेबलाच्या कडेवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"मला काहीच माहिती नव्हतं गं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ते मध्येच कुठंतरी वळून परत गेले असतील. तू कधी सांगितलं का नाहीस?"

"तू सांगू दिलं असतंस तर!"

"माफ कर." ग्रेचेनने तिला जवळ घेतलं. "खरंच, रेने. माफ कर."

रेने थोडी रडली. कितीतरी वर्षांनी छातीवरचा एखादा दगड कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं तिला वाटलं. दुपारी कपडे बदलताना तिने ड्वाइटला सांगितलं, "मी बोलले तिच्याशी. ऐकलं तिनं."

"बघ," ड्वाइट टायची गाठ मारत म्हणाला. "मी म्हणत होतो ना, बोल म्हणून?"

तो कधीही तसं म्हणाला नव्हता. पण त्या वेळी रेनेने ते सोडून दिलं.

*

लग्न छान झालं. इन्ग्रिड, ग्रेचेनची लेक, साध्या पांढऱ्या झग्यात आली. तिच्या बापाने, म्हणजे ग्रेचेनच्या आधीच्या नवऱ्याने, तिला हात धरून आणलं. जेवणं झाली. भाषणं सुरू झाली. ग्रेचेन उठली.

"काल मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "आमच्या रेनेला विसरल्याची. पण ती गोष्ट अर्धीच होती. आज सकाळी मला तिचा उरलेला अर्धा कळला."

रेनेच्या हातातला काटा प्लेटवर टेकला.

ग्रेचेनचा आवाज खाली आला होता. आता ती हसवत नव्हती. तिने ऑर्व्हिलबद्दल सांगितलं. गाई शेजाऱ्याकडे टाकून, न्याहारी तशीच ठेवून निघालेला बाप. सगळा गोठा चिडीचूप झाला. टॉर्च आला, खड्डा आला. कुणीतरी नाक ओढलं. रेनेला वाटलं, ठीक आहे. हिनं मला विचारायला हवं होतं, पण ठीक आहे.

"आणि तुम्हाला वाटेल की ते परत गेले," ग्रेचेन म्हणाली. "नाही! तो माणूस तसाच पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाळूत पडलोय, आणि समोरून हा शेतकरी चालत येतोय. अंगात कामाचे कपडे, पायात गोठ्यातले रबरी बूट. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहत होता तो. रेनेपाशी आला, एवढंच म्हणाला, 'बूट घाल पोरी.' आणि तिला छातीशी धरलं. इन्ग्रिड, बाळा, बाप असा असतो."

इन्ग्रिडचा बाप रडत होता. नवऱ्यामुलाची आई रडत होती. सगळा गोठा रुमाल शोधत होता. टाळ्या सुरू झाल्या.

"खोटं आहे हे," रेने म्हणाली.

ती इतकी मोठ्याने बोलेल असं तिला स्वतःलाच वाटलं नव्हतं. टाळ्या तुटक होत होत थांबल्या.

"रेने," ड्वाइट पुटपुटला. "आत्ता नको गं."

"ते समुद्रावर आलेच नाहीत," रेने म्हणाली. "मला धरलंबिरलं नाही. ते तिथं पोचले, मी नव्हते, ते परत गेले. आम्ही थांबलो नाही म्हणून." तिला अजून बरंच काही सांगायचं होतं. सगळं नीट, क्रमाने. पण समोर दीड-दोनशे चेहरे ओठ घट्ट मिटून तिच्याकडे बघत होते, जणू तिने केकवर पाय दिला होता. "एवढंच," ती म्हणाली आणि खाली बसली.

माइकवर ग्रेचेन म्हणाली, "बघा, रागावते म्हटलं होतं ना!" दोन-चार जण हसले. बँड वाजवणाऱ्यांनी घाईने काहीतरी वाजवायला घेतलं.

कॉनी तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिचा दंड चोळायला लागली. "मला कळतं गं," ती म्हणाली. "म्हणूनच मी तेव्हा म्हणत होते, थांबू या म्हणून."

रेनेने तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणालीस, ऊन छान पडलंय, निघावं बहुतेक."

"छे! मी? मी तर म्हणाले होते, त्यांना येऊ दे. ग्रेचेननं ऐकलं नाही." कॉनीच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तिला खरोखरच तसं आठवत होतं. रेनेला ओरडावंसं वाटलं, पण आता कशावर ओरडायचं तेच तिला समजेना.

नाच सुरू झाल्यावर इन्ग्रिड झगा सावरत तिच्यापाशी आली. रेनेला वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार. पण ती गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "रेने मावशी, तू घरी परत गेल्यावर तुझे बाबा काय म्हणाले गं?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. ड्वाइटनेही नाही. रेनेने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगण्यासारखं काहीच नाही.

"मी गोठ्यात गेले. ते धार काढत होते. म्हणाले, त्या कोपऱ्यातलीला चारा घाल."

इन्ग्रिड वाट पाहत राहिली.

"मग मी चारा घातला," रेने म्हणाली. "मी सॉरी म्हणणार होते. पण दुधाचं यंत्र चालू होतं. ऐकू आलं नसतं."

"मग नंतर?"

"नंतर जेवायला बसलो."

इन्ग्रिडने तिच्या हातावर हात ठेवला. तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं असं वाटत होतं. पण तेवढ्यात कुणीतरी तिला फोटोसाठी ओढत नेलं.

अंधार पडायच्या आत ड्वाइट गाडी आणायला गेला. रेने गवतावरच्या पार्किंगपाशी उभी होती. मागून ग्रेचेन आली. चपला हातात घेऊन ती गवतातून चालत येत होती.

"पोरीच्या लग्नात, रेने," ती म्हणाली. "दुसरी जागा नव्हती का तुला?"

"तू खोटं सांगितलंस. माझ्या बाबांबद्दल."

"मी त्यांना तुझ्यापर्यंत पोचवलं! बिचारा माणूस तिथं अंधारात खड्डे धुंडाळतोय, तो शेवट कुणाला आवडेल? मी त्यांना समुद्र दाखवला. सगळे लोक रडले त्यांच्यासाठी. आणि तू म्हणतेस खोटं!"

"त्यांनी पाहिलाच नाही समुद्र. कधीच."

"मग आता काय करू मी? काय हवं होतं तुला, सांग ना एकदाचं. मी सकाळी माफी मागितली. अजून काय?"

"तू तेव्हा थांबायला हवं होतंस."

"तेव्हा!" ग्रेचेनने हात वर केले. चपला हवेत हलल्या. "अगं, मी तेव्हा वीस वर्षांची होते!"

"मीसुद्धा," रेने म्हणाली.

आतून ग्रेचेनला कुणीतरी हाक मारत होतं. जाताना तिने रेनेच्या खांद्याला हात लावला की नुसताच तोल सावरला, ते रेनेला नीट कळलं नाही.

घरी जाताना ड्वाइट म्हणाला, "काही असो. लोकांना तुझे बाबा कळले तरी."

"कुणाला कळले? त्यांना रबरी बूट घालून वाळूत चालणारा एक माणूस कळला. तो माझा बाप नव्हता."

"बरं बाई."

"बरं बाई म्हणू नकोस."

रेने खिडकीबाहेर पाहत राहिली. माइकवर काय बोलायला हवं होतं ते तिला आत्ता एकेक वाक्य करून सुचत होतं. किती साधी वाक्यं होती ती! गाईंचं एक, टॉर्चचं एक, आणि बाबांनी फोनवर विचारलेलं ते एक, 'पायात काही घातलंय का तिनं आता?' हे वाक्य तिने ग्रेचेनला सकाळी सांगितलं होतं, आणि ग्रेचेनने ते उचलून समुद्रावर नेऊन ठेवलं होतं. आता रेने ते कुणाला सांगायला गेली, तर लोक म्हणणार, हो हो, ऐकलंय आम्ही, ते वाळूतलं.

त्या वर्षी ग्रेचेनचं ख्रिसमसचं कार्ड आलं. त्यावर नातेवाइकांचे फोटो होते, खाली छापलेल्या शुभेच्छा होत्या, आणि पेनने लिहिलेलं काही नव्हतं. रेनेनेही तसंच कार्ड पाठवलं. पुढे दोघी फोनवर बोलायला लागल्या. गुडघ्यांबद्दल, नातवंडांबद्दल, कॉनीच्या ऑपरेशनबद्दल. ती गोष्ट ग्रेचेनने पुन्हा कधी सांगितली नाही, आणि रेनेलाही ती नीट सांगायला जमली नाही. दोनदा तिने प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती टॉर्चपर्यंत पोचली, आणि ऐकणाऱ्याने विचारलं, "मग पुढे? भेटले का ते?"

"नाही," रेने म्हणायची, आणि तिला पुढे काय सांगावं ते कळायचं नाही.